मुंबईची मंदी आणि गावची चूल

माझ्या आजेसासूबाई "गिरणी बंद पडली" असे कधी म्हणत नसत. "मुंबय बसली" असे म्हणत. मातीची भिंत पावसात बसते, तशी. त्यांच्या हयातीत मुंबई अशी तीन-चार वेळा बसली आणि दर वेळी तिथली माणसे पाठीवर वळकटी घेऊन आपल्याच अंगणात आली. यंदा वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत जुन्या काळाविषयी लिहावयाचे ठरले, तेव्हा किल्ल्यावर आणि देवळांवर लिहिणाऱ्या भगिनी पुष्कळ निघाल्या. ते योग्यच आहे. परंतु मुंबईत काम सुटलेल्या माणसांना आणि त्यांच्या पोराबाळांना ज्या बायकांनी जगविले, त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी काढली. कंपनी १८५४ साली उभी राहिली आणि गिरणी प्रत्यक्ष चालू झाली ती १८५६ साली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा सारा भाग धुराड्यांनी भरून गेला. या गिरण्यांत सर्वांत जास्त माणसे गेली ती आपल्या जिल्ह्यातून, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. जाण्याचे कारण सांगावयास नको. आपली जमीन कातळाची, पीक पावसाच्या भाताचे, त्यात भाऊहिश्शांनी शेतांचे तुकडे झालेले. पुष्कळ घरांत स्वतःचे भात शिमग्यापर्यंतही पुरत नसे.

गडी मुंबईस गेला, बाई गावी राहिली. हे कोणी बसून ठरविले नव्हते. गिरणीचा पगारच असा होता की, एकट्या माणसाने गाळ्यात राहून, खाणावळीत जेवून चार रुपये गावी धाडावेत. बायकापोरांना मुंबईत ठेवणे त्यात बसत नसे. एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस बापये राहत. दिवसपाळीचे उठून गेले की रातपाळीचे त्याच जागेवर पथारी टाकीत. सरकारी टपालाने मनिऑर्डर १८८० सालापासून सुरू झाली, आणि आपल्याकडे पोस्टमन हा देवासारखा माणूस झाला. गावात बायका जास्त आणि पुरुष कमी ही तेव्हाची तऱ्हा अजून पुरती गेलेली नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया मोजल्या गेल्या.

आता यातला हिशेब पाहा. मालक मजुरी देई ती एका पोटाची. बाकीची पोटे गावच्या जमिनीवर आणि बाईच्या अंगमेहनतीवर भरत. चांगल्या दिवसांत हे कोणाच्या ध्यानी येत नसे. मंदी आली की यावयाचे. कापडाला उठाव नसला की मालक कामगाराला दाराबाहेर करी, आणि बेकारीचा भत्ता म्हणून एक पै देत नसे. त्याला देण्याची गरजही वाटत नसे, कारण तो भत्ता आपल्या गावातल्या बायका पेजेच्या रूपाने देत होत्या. मंदीच्या इतिहासात मला मुख्य गोष्ट दिसते ती ही.

पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी रग्गड पैसा केला. १९२२-२३ च्या पुढे वारे फिरले. जपानचे स्वस्त कापड बाजारात आले, इकडच्या कापडाचे गठ्ठे गोदामात पडून राहू लागले. १९२५ साली मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. कामगार सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत बाहेर राहिले. इंग्रज सरकारने १८९६ पासून देशी कापडावर साडेतीन टक्के जकात बसविलेली होती, ती डिसेंबरात थांबविली, आणि मग मालकांनी कपात मागे घेतली. म्हणजे सरकार आणि मालक यांच्या ओढाताणीत उपाशी राहिला तो कामगार.

तीन वर्षांनी त्याहून मोठा संप झाला. मालकांना खर्च कमी करावयाचा होता. विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, कताईखात्यातल्याने दुप्पट काम ओढावे, आणि जी माणसे उरतील त्यांना रजा द्यावी, असा बेत होता. २६ एप्रिल १९२८ पासून सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आत गेले नाहीत. गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली. नारायण मल्हार जोशी, श्रीपाद अमृत डांगे ही नावे आपण शाळेत नाही तरी वर्तमानपत्रात वाचलेली असतात.

पुस्तकात जे सापडत नाही ते एप्रिल महिन्याचे महत्त्व. तेव्हा मुंबईहून मालवणास यावयाचे म्हणजे आगबोटीने. आपल्या बंदरात आगबोट दूर उभी राही आणि पडावातून माणसे किनाऱ्यावर आणीत. पावसाळ्यात बोटी बंद. तेव्हा संपावरल्या माणसापुढे प्रश्न असे तो हा की, मृगाआधीची शेवटची बोट धरावी की नाही? धरली तर तीन महिने मुंबईस परतणे कठीण. मधेच समेट झाला तर जागा दुसऱ्याची. न धरली तर गाळ्याचे भाडे आणि खाणावळीचे देणे डोक्यावर चढत जाणार. गावी पत्र येई त्यात एवढेच लिहिलेले असे की, येतो आहे, किंवा येत नाही. पुष्कळांनी बोट धरली. आजेसासूबाईंचे वडील त्यांतलेच. त्या वर्षी बापूस पेरणीला घरी होता याचा त्यांना लहानपणी आनंद झाला होता, असे त्या हसून सांगत. आई मात्र दोन वेळची पेज एका वेळेवर आणून बसली होती.

आलेली माणसे बसून राहिली असे नव्हे. आपल्या किनाऱ्याला एक मोठा आधार होता तो रापणीचा. जाळे समुद्रात अर्धगोल सोडावयाचे आणि दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरून ओढावयाचे. याला माणसे लागतात, आणि जो दोराला हात लावी त्याला मासळीचा थोडाफार वाटा मिळे. गिरणीतून परतलेला माणूस लुगड्याचे काठ विणीत असेल नाहीतर सूत कातीत असेल, दोर ओढण्यास कोणी त्याला दाखला विचारीत नसे. अर्थात रापण पावसात नाही. आषाढ-श्रावणात घरात जे सुके, खारवलेले असेल तेवढेच. ते कोणी खारवून ठेवलेले असे, हे मी सांगावयास नको.

असो. १९२९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि साऱ्या जगात मंदी पसरली. न्यूयॉर्क कुठे आणि आपले देवबाग, आचरे, तळाशील कुठे! पण हा धक्का इथवर आला. शेतमालाचे भाव दोन-तीन वर्षांत सुमारे निम्म्यावर आले. रंगूनचा तांदूळ स्वस्त झाला. आता कोणी म्हणेल, स्वस्ताई आली तर बरेच झाले. आमच्या एका शेजारीणबाईंनी मला हेच विचारले. पण स्वस्ताई ही ज्याच्या हाती रोकड आहे त्याच्यासाठी. मनिऑर्डर थांबली, विकावयाचे नारळ-सुपारी कवडीमोल झाले, आणि सावकाराचे कर्ज व सरकारचा सारा मात्र जुन्याच आकड्याने उभा. दहा रुपयांचे देणे फेडण्यास पूर्वीपेक्षा दुप्पट माल विकावा लागे. मंदीत माणूस बुडतो तो असा.

याच सुमारास एक गोष्ट घडली, ती बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने आपले चलन सोन्यापासून तोडले. रुपया पौंडाला बांधलेला होता, त्यामुळे सोन्याचा रुपयांतला भाव वर चढला. साऱ्या हिंदुस्थानात खेड्यापाड्यांतले सोने बाहेर पडू लागले आणि मुंबईच्या बंदरातून विलायतेस जाऊ लागले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्याला सोन्याची निर्यात म्हणतात, आणि त्यामुळे सरकारची पैशाची अडचण कशी दूर झाली ते लिहिलेले असते. ते सोने खाणीतले नव्हते. ती कोणाची नथ होती, कोणाच्या पुतळ्या, कोणाच्या बुगड्या. बाईच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हते. आईबापांनी अंगावर घातलेले तेवढेच तिचे. नवऱ्याची नोकरी गेली की पहिल्याने ते मोडावयाचे. भाव चढला होता म्हणून सोनार चार रुपये जास्त देई, आणि घरातले म्हणत, बरे झाले, चांगल्या भावात गेले. आमच्या घरी जुन्या काळचे सोने म्हणून एक मणीही नाही. पुष्कळ घरांत नसेल. चोरीला गेले, वाटणीत गेले, असे आपण समजतो. त्यातले किती त्या चार वर्षांत गेले असेल, याचा विचार करून पाहावा.

१९३३ साली मुंबईत कित्येक गिरण्यांना टाळी लागली आणि चालू गिरण्यांनी महागाईचा भत्ता छाटला. त्यावर २३ एप्रिल १९३४ पासून पुन्हा सार्वत्रिक संप झाला आणि जूनमध्ये तो मोडला. पुन्हा एप्रिल, पुन्हा तीच शेवटची बोट.

गिरणीत बायकाही होत्या, हे इथे सांगितले पाहिजे. १९२० ते ३० च्या काळात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत जवळजवळ एक बाई असे. बहुतेक सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. त्यांत आपल्याकडच्या विधवा आणि टाकलेल्या बायका पुष्कळ असत. खर्च छाटावयाचा म्हटला की कात्री पहिल्याने याच खात्यांवर चाले. मुंबई इलाख्यात १९२९ साली बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. कायदा फार चांगला, पण मालकांना बाई नोकरीस ठेवणे महाग वाटू लागले. नवी यंत्रे आली तसतशा बायका बाहेर गेल्या, आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरणी ही पुरुषांचीच जागा झाली.

बाहेर पडलेल्या बायकांनी काय केले? कित्येकींनी खाणावळ घातली. दहा बाय दहाच्या खोलीत पहाटे चारला चूल पेटवून पंधरा-वीस जणांचे डबे. पैसे महिन्याच्या पगारावर. तेव्हा गिरणी बंद पडली की पगार बंद, आणि खाणावळवालीचे येणेही बंद. तरीही तिने ताट बंद केले नाही. ओळखीचा, गावचा, भावासारखा माणूस. त्याला उपाशी कसे ठेवावयाचे? संप मिटेपर्यंत ती उधारीवर वाढी आणि स्वतः वाण्याचे व सावकाराचे कर्ज काढी. १९७४ च्या आरंभी गिरण्यांचा सव्वा महिन्याहून अधिक काळ संप झाला, त्यात या बायका कर्जात पुऱ्या बुडाल्या. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी ते पाहिले आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बायकांनी एकमेकींना जामीन राहावयाचे आणि सरकारी बँकेचे कर्ज घ्यावयाचे, अशी पद्धत त्यांनी घातली. आज आपले बचत गट चालतात ते याच तऱ्हेने. आपल्या मंडळाच्या भगिनींनी या बाईंचे नाव विसरू नये. पुरव यांना २००२ साली पद्मश्री मिळाली, पण त्याहून मोठी गोष्ट ही की, सावकाराच्या दारातून बाईला त्यांनी बँकेच्या दारात नेले.

आता शेवटची आणि सर्वांत मोठी वेळ. नवा सिंधुदुर्ग जिल्हा होऊन नऊ महिनेही झाले नव्हते, तोच १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या साठच्या आसपास गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांचे पुढारी डॉ. दत्ता सामंत मूळचे आपल्याच देवबागचे. घाटकोपरला दवाखाना चालविणारा हा डॉक्टर कामगारांच्या लढ्यात उतरला, आणि त्याच्या एका शब्दावर अडीच लाख माणसे गिरणीच्या दारात फिरकली नाहीत. १९४६ च्या कायद्याप्रमाणे मालकांशी बोलण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, आणि कामगार होते दुसऱ्या बाजूला. त्यामुळे बोलणी व्हावयाची कोणाशी, हाच प्रश्न सुटेना. संप रीतसर मागे घेतला असे कोणी कधी जाहीर केलेच नाही. वर्ष-दीड वर्षात तो विरत गेला. काहींना परत घेतले, एक लाखाच्या आसपास माणसे कायमची बाहेर राहिली. डॉ. सामंतांचा १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत गोळ्या घालून खून झाला.

संप योग्य की अयोग्य, हा वाद आपल्या बाजारपेठेत चहाच्या टपरीवर अजून चालतो. बापयांना त्यात रस आहे, त्यांनी तो खुशाल चालवावा. मला एवढे दिसते की, गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती, काम आधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे चालले होते, आणि गिरणीतल्या कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली होती. संप झाला नसता तर हे सारे थोडे सावकाश घडले असते.

आमचे सासरे एका गिरणीत विणखात्यात होते. चार महिने त्यांनी गाळ्यात काढले, मग वैशाखात एस. टी. ने घरी आले. तोवर आगबोटीचे दिवस गेले होते. पूर्वीसारखी पावसाळ्याची अट उरली नव्हती, पण परत जाण्याजोगे काही उरले नव्हते, हे कळावयास त्यांना दोन वर्षे लागली. १९२८ आणि १९८२ यांत आणखीही एक फरक पडला होता. ट्रॉलर आले होते आणि रापणीची मासळी कमी होत चालली होती. दोर ओढणारे हात वाढले, वाटा लहान झाला. सासूबाईंनी शेजारच्यांचे शेत अर्धेलीने घेतले, पहाटे माडाच्या झावळ्या विणल्या, सुके बांगडे टोपलीत घालून आतल्या गावांत विकले. सासरे हळूहळू बोलेनासे झाले. मुंबईत भोंग्यावर उठणारा माणूस, त्याला इथे उठवावयास भोंगा नव्हता. सासूबाई आता पंच्याहत्तरीच्या आहेत. त्या वर्षांविषयी मी पुष्कळ विचारले, तेव्हा एवढेच म्हणाल्या, "त्या वर्सा माका कोणी इचारल्यान नाय, तू जेवलंस काय म्हणान."

या मंदीचा आणखी एक हिशेब आहे, तो कुठल्याच अहवालात मी पाहिलेला नाही. तो आमच्या वयाच्या मुलींचा. वाडीतली शाळा सातवीपर्यंत. हायस्कूलला जावयाचे म्हणजे एस. टी. चे भाडे, पायात चपला, आणि मुख्य म्हणजे शेतावरचे व घरातले दोन हात कमी. फी तर मुलींना माफच होती, पण फीने शाळा थांबत नव्हती. ज्या घरात मनिऑर्डर येत होती तिथली मुलगी आठवीत गेली. ज्या घरात थांबली तिथली सातवीत थांबली. मुलगे गेले, कारण त्यांनी पुन्हा मुंबई गाठावयाची होती. मीही सातवीच शिकले. माझे वडील गिरणीतून आलेले होते, आणि माझी शाळा त्यामुळे थांबली हे मला लग्न होऊन पुष्कळ वर्षे गेल्यावर कळले. तोवर मी समजत होते की मला अभ्यासाची आवड नव्हती. मंडळाच्या सभासदांत आम्ही सातवीवाल्या बऱ्याच आहोत. एके दिवशी हळदीकुंकवाला बसलो असता आपापले वडील कधी व कुठून परतले हे आम्ही एकमेकींना विचारले, आणि पुष्कळजणींच्या तोंडून तीच दोन-तीन वर्षे निघाली.

२०२० च्या मार्चात महामारीमुळे सारा देश बंद झाला तेव्हा पुन्हा तेच दृश्य दिसले. मुंबईत काम थांबले, चाकरमानी गावी आले, चौदा-चौदा दिवस शाळेच्या वर्गात राहिले आणि त्यांचे डबे वाडीतल्या बायकांनी पोचविले. तारकर्ली-देवबागला ज्यांनी घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या, त्यांच्या खोल्या रिकाम्या आणि बँकेचे हप्ते चालू. पण या वेळी मागे उभे राहण्यास बचत गट होते, एवढा पालट झाला होता.

गिरण्यांच्या जमिनींवर आता मॉल आणि कचेऱ्या उभ्या आहेत. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जे कामावर होते, त्यांना किंवा त्यांच्या वारसांना सरकारने घरे देण्याचे ठरविले. सुमारे दीड लाख अर्ज आले, आणि २०१२ साली पहिली सोडत निघाली तेव्हा घरे होती ७ हजारांहूनही कमी, २२५ चौरस फुटांची. अर्ज केलेले कितीतरी जण वाट पाहता पाहता वारले, आणि कागद त्यांच्या बायकांच्या हाती राहिले. गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, फंडाची पावती यांतले काय महत्त्वाचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. आपल्या वाडीत अशा काकी-मावश्या आहेत. दर शनिवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत आम्ही चारजणी बसतो. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते घेऊन यावेत. वाळवी लागलेले, फाटलेले, भिजून चिकटलेले असले तरी टाकू नयेत. आम्ही ते सोडवून, नक्कल करून, लखोट्यात घालून परत देतो.